वेष्टनाचे वय

ज्यांचे बालपण जुन्या वाड्यात गेले आहे, त्यांना माजघराच्या तुळईखालून गेलेली, सागवानी पट्टीवर धातूच्या लहान लहान क्लिपांनी जखडलेली विजेची तार आठवत असेल. तिच्यावर सुती विणीचे आवरण असे, त्याखाली रबराचा थर, आणि त्याच्या आत कल्हई केलेले तांबे. कल्हई अशासाठी की रबरातील गंधकाने तांबे खाऊन टाकू नये. दिव्याचा होल्डर बदलण्याच्या निमित्ताने अशी एक तार मी स्वतः सोडवली होती. मेन स्विच बंद करून तिचे टोक जरासे वाकवताच सुती वीण फाटली आणि आतले रबर जखमेवरच्या वाळलेल्या खपलीसारखे तुकड्यातुकड्यांनी तळहातावर पडले. कल्हईची चमक गेली होती, पण तांबे सर्वस्वी शाबूत होते. इतक्या वर्षांच्या सेवेत जे झिजले, ते विजेला वाहून नेणारे द्रव्य नव्हते. तिला अडवून धरणारे होते. त्या रबरावर कोणताही भार नव्हता, त्याला कोणी हात लावला नव्हता; ते केवळ हवेत आणि उन्हाळ्याच्या उष्म्यात स्वस्थ पडून राहिले होते, आणि तेवढ्यानेच त्याचे आयुष्य संपले.

विद्युत्‌शास्त्राच्या इतिहासात तांब्याची कीर्ती सर्वांनी गायिली आहे, परंतु त्याच्या वेष्टनाची कैफियत फारशी कोणी ऐकून घेतलेली नाही. वास्तविक पाहता दूरवर तार नेण्याची विद्या ही तांब्याइतकीच त्या वेष्टनाची विद्या होय. १८५१ साली डोव्हर व कॅले यांच्यामध्ये समुद्रतळावरून जी तारायंत्राची केबल टिकली, ती मलायातील एका वृक्षाच्या चिकापासून मिळणाऱ्या गटापर्चा नावाच्या पदार्थामुळे. आणि १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाने मुंबईहून एडनपर्यंत जी केबल टाकली व जिच्यामुळे मुंबईचा विलायतेशी काही तासांत पत्रव्यवहार होऊ लागला, तिच्याही अंगावर तोच चीक होता. पुढे रबर आले, तेलात मुरवलेला कागद आला, आणि १९३३ साली इंग्लंडमधील विनिंग्टन येथे एरिक फॉसेट व रेजिनाल्ड गिब्सन या दोघा रसायनज्ञांना, अतिप्रचंड दाबाखाली एथिलीन वायूवर चाललेल्या दुसऱ्याच एका प्रयोगाच्या शेवटी, पात्राच्या तळाशी मेणासारखा थोडासा पांढरा पदार्थ सापडला. तेच आजचे पॉलिथीन. महायुद्धात रडारच्या केबलींना त्याने जे बळ दिले, त्यावरून या पदार्थाची योग्यता सर्वांच्या ध्यानात आली. आणि तेव्हापासून विजेच्या तारेवरच्या पांघरुणावर कृत्रिम बहुवारिकांचा, म्हणजे पॉलिमरांचा, जो अंमल बसला तो आजतागायत चालू आहे.

या अंमलाची खरी कसोटी अणुभट्टीच्या आत लागते. एका अणुविद्युत्‌केंद्रात शेकडो किलोमीटर लांबीची केबल असते. तिच्यातील काही मोटारींना व झडपांना शक्ती पुरवते, काही तापमान, दाब व पाण्याची पातळी यांची वार्ता नियंत्रणकक्षापर्यंत आणते. आणि भट्टीच्या घुमटाच्या आतून गेलेली जी केबल आहे तिला उष्णतेबरोबरच अहोरात्र प्रारणही, म्हणजे रेडिएशनही, सोसावे लागते. पंप बदलता येतो, झडप बदलता येते. परंतु भिंतीभिंतींतून ओवलेली, ट्रेवर शेकडोंनी एकमेकींवर रचलेली केबल बदलणे हे घराचा पाया बदलण्यासारखे आहे. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या व पन्नास वर्षांहून अधिक काळ त्यांनी वीज दिली; अमेरिकेत मुळात ४० वर्षांच्या मुदतीने परवाना मिळालेल्या अनेक केंद्रांची मुदत ६० वर्षांपर्यंत, आणि काहींची तर ८० वर्षांपर्यंत वाढवण्यात आली आहे. मुदतवाढीचा हुकूम कागदावर निघतो, पण तो पाळायचा असतो त्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या मुक्या थराने. केबल गेली की काय होते, याचा दाखला अमेरिकेतील अलाबामा राज्यातील ब्राउन्स फेरी येथे २२ मार्च १९७५ रोजी मिळाला. केबली भिंतीतून जेथे पलीकडे जातात तेथून हवा गळते की काय हे पाहण्यासाठी कामगारांनी मेणबत्तीची ज्योत धरली, भोक बुजवण्यासाठी वापरलेल्या फोमने पेट घेतला, आणि कित्येक तास चाललेल्या त्या आगीत १,६०० हून अधिक केबलींची हानी होऊन भट्टी थंड राखणाऱ्या यंत्रणांपैकी अनेक एकाच वेळी निकामी झाल्या. तेथे शत्रू आग ही होती. प्रारणाचा मार्ग याहून फार शांत आहे.

हे प्रारण बहुवारिकाला नेमके करते काय? त्याची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. एक किलोग्रॅम पदार्थाने एक जूल ऊर्जा शोषली की एक ग्रे मात्रा झाली. लासलगावच्या केंद्रात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून जी मात्रा देतात ती शंभर ग्रेच्या आतली. मनुष्याच्या सर्व शरीराला एका दमात चार-पाच ग्रे मिळाले तर उपचारांवाचून त्याचा जीव वाचणे कठीण. उलट केबलच्या पात्रतापरीक्षेसाठी अमेरिकेतील अभियंत्यांनी १९७४ साली जी प्रमाणसंहिता ठरवली, तिच्यात आयुष्यभराच्या सेवेचे पाच लाख आणि अपघातप्रसंगीचे पंधरा लाख असे एकूण वीस लाख ग्रे तिने सोसावेत अशी अपेक्षा होती. हे आकडे मोठे वाटतात, पण ऊर्जेचा जमाखर्च मांडला म्हणजे एक विलक्षण गोष्ट दिसते. पॉलिथीनला २५,००० ग्रे मात्रा दिली तर तिची सर्व ऊर्जा उष्णतेत जमा धरूनही ते केवळ दहा-अकरा अंशांनी तापेल. म्हणजे हिवाळ्यातल्या सकाळपासून दुपारपर्यंत गॅलरीत ठेवलेली बादली जेवढी तापते तेवढेच. एवढ्याशा ऊर्जेने पदार्थ नष्ट कसा व्हावा?

उत्तर असे की उष्णता ही सर्व रेणूंमध्ये समान वाटली जाणारी ऊर्जा आहे, आणि प्रारण ही ठिकठिकाणी पडणारी वीज आहे. कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूतून निघणाऱ्या गॅमा किरणाच्या एका कणाजवळ सुमारे साडेबारा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते, आणि कार्बन-कार्बन बंध तोडण्यास तीन-चार पुरतात. असा किरण पदार्थात शिरला की तो इलेक्ट्रॉनांना त्यांच्या स्थानावरून उखडतो, ते इलेक्ट्रॉन पुढच्या अणूंना धक्के देतात, आणि जेथे जेथे हा आघात पोचतो तेथे साखळीतील एखादा हायड्रोजन निखळतो किंवा साखळीच दुभंगते. मागे उरतो तो एक टोक मोकळे राहिलेला, कोणाशी तरी जोडले जाण्यासाठी तळमळणारा रेणूचा तुकडा. रसायनशास्त्रात त्याला मुक्त मूलक म्हणतात. पुढचा सारा इतिहास हा या मूलकांचा इतिहास आहे. शेजारच्या साखळीवरील दुसऱ्या मूलकाची गाठ पडली तर दोघांचा आडवा बंध जुळतो आणि पदार्थ अधिक दृढ होतो. न पडली तर साखळी तुटलेलीच राहते आणि पदार्थ दुर्बल होतो. आणि मध्येच ऑक्सिजन येऊन पोचला तर काय होते, ते स्वतंत्रपणे सांगावे लागेल.

आडव्या बंधांचा लाभ प्रथम स्पष्टपणे दाखवला तो आर्थर चार्ल्सबी यांनी. १९५२ साली इंग्लंडमधील हारवेल येथील अणुभट्टीत ठेवलेले पॉलिथीन नेहमीच्या वितळबिंदूच्या पलीकडे तापवले तरी वितळून वाहत नाही, रबरासारखे आकार धरून राहते, हे त्यांनी प्रसिद्ध केले, आणि त्यातून एक अख्खा उद्योग उभा राहिला. आज नवी मुंबईतही इलेक्ट्रॉनांच्या झोताखालून तार सरकवून तिच्या वेष्टनात असे बंध मुद्दाम घालतात. तेव्हा प्रारण म्हणजे निव्वळ शत्रू असे मानणे अन्यायाचे होईल. मर्यादेपर्यंत ते कारागीर आहे, मर्यादेपलीकडे संहारक. ती मर्यादा प्रत्येक पदार्थाची वेगळी. ज्यांच्या साखळीत वा साखळीला लागून बेंझीनची वलये असतात, त्या पॉलिस्टायरीन, पॉलिइमाइड यांसारख्या पदार्थांत ती वलये आघाताची ऊर्जा आपल्या अंगावर पसरून शांतपणे जिरवतात आणि बंध वाचवतात. याच्या अगदी उलट टेफ्लॉन. उष्णतेला, आम्लाला, कशालाही न नमणारा हा पदार्थ प्रारणापुढे मात्र काही हजार ग्रेमध्ये हात टेकतो, आणि अधिक मात्रेत त्याचा भुगा होतो. एका परीक्षेत अव्वल आलेल्याला दुसऱ्या परीक्षेत गृहीत धरू नये, हा धडा कणांना वेग देणारी प्रवेगक यंत्रे बांधणारे अभियंते टेफ्लॉनपासूनच शिकले.

आता ऑक्सिजन. अमेरिकेतील सव्हाना रिव्हर येथील एका भट्टीच्या आवारात पीव्हीसीचे बाह्य कवच व पॉलिथीनचे निरोधक वेष्टन असलेल्या केबली सुमारे बारा वर्षे होत्या. त्या ज्या तापमानात राहिल्या ते सरासरी ४३ अंश सेल्सिअस, म्हणजे चंद्रपूरच्या उन्हाळ्याइतकेच. आणि बारा वर्षांत मिळून त्यांना पोचलेली सर्वांत मोठी मात्रा फक्त २५,००० ग्रे, म्हणजे प्रमाणसंहितेने सांगितलेल्या वीस लाखांचा केवळ ऐंशीवा हिस्सा. तरीही पॉलिथीन ठिसूळ होऊन त्याला तडे गेले. सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेतील रॉजर क्लफ व केनेथ गिलेन यांनी या केबलींचा जणू पंचनामाच केला, आणि १९८०च्या सुमारास त्यांनी जे निष्कर्ष काढले त्यांनी या शास्त्राची दिशा बदलली.

या प्रसंगाशेजारी मला आपल्या तुर्भ्याची आठवण होते. तेथे १९७४ पासून ‘आयसोमेड’ या केंद्रात इंजेक्शनच्या सुया, पट्ट्या, सलाइनच्या नळ्या गॅमा किरणांनी निर्जंतुक करण्यात येतात, आणि त्यासाठीची सर्वमान्य मात्रा २५,००० ग्रे हीच आहे. काही तासांत ती मात्रा घेऊन प्लॅस्टिकची वेष्टने धडधाकट बाहेर पडतात व दवाखान्यांत पोचतात. जी मात्रा तेथे एका दिवसात बाधली नाही, तीच बारा वर्षांत पुरवली असता केबलचा घात झाला. विष थोडे थोडे दिले तर पचते असा आपला सर्वसाधारण समज असतो. येथे नेमके त्याच्या विरुद्ध घडते.

कारण असे. मुक्त मूलकाला ऑक्सिजन मिळाला की त्याचे पेरॉक्साइड बनते, ते फुटून नवे मूलक जन्मतात, आणि एका आघाताने सुरू झालेली तुटातूट अनेक साखळ्यांपर्यंत पोचते. परंतु ऑक्सिजनला हवेतून वेष्टनाच्या गाभ्यापर्यंत झिरपत जाण्यास वेळ लागतो. प्रयोगशाळेत प्रखर स्रोतासमोर मात्रा झपाट्याने दिली, तर बाहेरच्या पातळ थरातच सारा ऑक्सिजन खर्ची पडतो व आतला भाग त्याच्यावाचून सुरक्षित राहतो. मोठ्या आचेवर घातलेली भाकरी वरून करपते आणि आत कच्ची राहते, तसेच हे. मंद आचेवर मात्र ऊब सर्वत्र पोचते. भट्टीच्या घुमटात तासाला ग्रेच्या एखाद्या अंशाने चाललेले प्रारण ऑक्सिजनला पुरेसा अवकाश देते, आणि वेष्टन पृष्ठापासून तांब्यापर्यंत सारखेच जुने होते. म्हणून ‘अमुक इतके ग्रे सोसले’ हे प्रमाणपत्र, ते किती काळात सोसले हे सांगितल्यावाचून, अपुरी साक्ष होय. गुडघा व खुबा यांच्या कृत्रिम सांध्यांसाठी वापरलेल्या पॉलिथीनने हीच गोष्ट वैद्यकात शिकवली: हवेत गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेले भाग कपाटात पडून असतानाच वर्षानुवर्षे आतून ऑक्सिडीकृत होत राहिले, कारण प्रारण थांबले तरी त्याने मागे ठेवलेले मूलक थांबले नव्हते; पुढे ते भाग ऑक्सिजनरहित वेष्टनात बंद करूनच निर्जंतुक करण्याची पद्धत रूढ झाली.

क्लफ व गिलेन यांनी आणखी एक शोध लावला, तो मला सर्वांत मार्मिक वाटतो. त्यांनी नमुन्यांना आधी उष्णता व मग प्रारण दिले, तेव्हा हानी बेताची झाली. तीच उष्णता व तेच प्रारण क्रम उलटवून दिले, तेव्हा हानी कितीतरी अधिक झाली. प्रारण पेरॉक्साइडे पेरते आणि उष्णता ती उगवून आणते. पेरणीआधीच पाऊस पडून गेला तर उगवणार काय? बेरजेच्या हिशेबात क्रमाला महत्त्व नसते, पण द्रव्याच्या आयुष्यात असते.

आणि हे सर्व चालू असताना बाहेरून काहीच कळत नाही. कारखान्यातला इलेक्ट्रिशियन केबलला निरोध मोजणारा मेगर लावतो, काटा मेगओहमांच्या वरच्या टोकाला स्थिर राहतो, आणि ‘इन्सुलेशन चांगले आहे’ अशी नोंद होते. ही नोंद खोटी नसते. कोरडे, न हललेले, ठिसूळ झालेले वेष्टनसुद्धा विजेला अडवू शकते. ते फुटते तेव्हा, जेव्हा दुरुस्तीसाठी कोणी केबल वाकवतो, किंवा अपघातात वाफेचा लोट येऊन तड्यांमध्ये पाणी शिरते. म्हणजे नेमक्या ज्या क्षणी त्याची गरज असते त्या क्षणी. म्हणूनच जाणकार तंत्रज्ञ वेष्टनाच्या पट्टीतून दोन्ही टोकांना रुंद व मध्ये अरुंद असा डंबेलच्या आकाराचा तुकडा कापून घेतो, यंत्राच्या जबड्यांत धरतो आणि ओढतो. नवा तुकडा मध्यभागी बारीक होत होत मूळ लांबीच्या कित्येक पट ताणला जातो, तुटताना आवाजही होत नाही. वय झालेला तुकडा किंचित ताणून कट्‌कन तुटतो व त्याची तुटलेली कड काचेसारखी सपाट दिसते. तुटेपर्यंतची लांबीवाढ मूळ लांबीच्या निम्म्यावर आली की त्या केबलवर भरवसा ठेवू नये असा दंडक रूढ आहे. विजेचे वेष्टन म्हातारे झाले की नाही, हे वीज सांगत नाही, ताण सांगतो.

आता या जुन्या खटल्यात एक नवा पक्षकार दाखल झाला आहे. वेल्समधील बँगोर येथील टी. जे. लुईस यांनी १९९४ साली असे प्रतिपादन केले की निरोधक द्रव्यात मिसळायचे कण जर नॅनोमीटरच्या, म्हणजे मीटरच्या अब्जांश भागाच्या, मापाचे असतील, तर त्या मिश्रणाचे गुण त्यातील घटकांवरून ठरणार नाहीत. घटकांच्या सीमारेषेवरून ठरतील. भरण घालण्याची पद्धत जुनीच होती. रबरात मातीची भुकटी, इपॉक्सीत वाळूचा चुरा पूर्वीपासून घालत आले आहेत. नवे होते ते माप. हिशेब करून पाहावा: एक घन सेंटिमीटर प्लॅस्टिकमध्ये आकारमानाने शेकडा पाच इतके दहा मायक्रोमीटर व्यासाचे गोल कण घातले, तर त्यांचे एकूण पृष्ठ ३०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे वहीच्या एका पानाएवढे भरेल. तेवढेच द्रव्य वीस नॅनोमीटरच्या कणांच्या रूपाने घातले, तर पृष्ठ १५ चौरस मीटर होईल. साखरेच्या एका खड्याएवढ्या तुकड्यात दहा फूट बाय सोळा फूट खोलीची जमीन घडी करून ठेवल्यासारखे. त्या सीमेवरच्या साखळ्या कणाला चिकटून, दाटीवाटीने, वेगळ्याच शिस्तीने राहतात. जपानमधील तोशिकात्सु तानाका यांनी २००५ साली या सीमाप्रदेशाचे तीन थर कल्पिले: कणाशी घट्ट बांधलेला, त्याभोवती जखडलेला, आणि त्यापलीकडचा सैल. त्या तीन थरांचा जो परगणा, तोच नॅनोसंमिश्राचा बहुतांश मुलूख असतो. निखळ बहुवारिक असे त्यात फारसे उरतच नाही.

सिलिका, अल्युमिना, मॅग्नेशियम ऑक्साइड यांचे असे कण शेकडा दोन-पाच इतकेच घातले तरी वेष्टनात साठणारा विद्युत्‌भार कमी होतो, सूक्ष्म पोकळ्यांतील ठिणग्यांनी होणारी झीज मंदावते, आणि वेष्टनाला आतून पोखरत जाणारी, झाडाच्या फांद्यांसारखी फुटत जाणारी वाट, जिला केबलवाले ‘ट्रीइंग’ म्हणतात, ती कणांना वळसे घालत जाण्यास भाग पडून उशिरा पलीकडे पोचते. मग हेच द्रव्य अणुभट्टीत का वापरू नये, हा प्रश्न ओघानेच येतो. त्याचे उत्तर होकारार्थी किंवा नकारार्थी अशा एका शब्दात देणे मला शक्य वाटत नाही, आणि देणाऱ्यावर मी विश्वासही ठेवणार नाही. कारण ज्या सीमारेषेने हे गुण दिले, तिच्यावरच प्रारणाचा निर्णय लागतो, आणि ती दोन्ही बाजूंनी साक्ष देते.

अनुकूल साक्ष अशी. कणाचे पृष्ठ भटक्या मूलकांना आणि इलेक्ट्रॉनांना पकडून ठेवते. पकडलेला मूलक नवी साखळी तोडत नाही. चिकणमातीच्या चपट्या पापुद्र्यांसारखे कण असतील, तर आत झिरपू पाहणाऱ्या ऑक्सिजनला भुलभुलैयातून जावे लागते, आणि वर सांगितलेली मंद आच त्या प्रमाणात आणखी मंद होते. बेताच्या मात्रेत प्रारणाने पडणारे आडवे बंध कण व साखळी यांची जोडणी अधिक बळकट करतात, आणि अशा नमुन्यांचे गुण प्रारणानंतर काही काळ सुधारलेलेही आढळतात.

प्रतिकूल साक्ष ऐकताना मात्र अधिक सावध बसावे लागते. ऑक्साइडाच्या कणावर हवेतील पाण्याचा पातळ थर व हायड्रॉक्सिल गट चिकटलेले असतात. कणाने शोषलेली ऊर्जा त्याच्या पृष्ठाकडे वाहत येऊन त्या पाण्याचे विघटन करू शकते, आणि झिर्कोनियासारख्या ऑक्साइडांवर असे विघटन नुसत्या पाण्यापेक्षा पुष्कळ जोरात होताना दिसले आहे. म्हणजे जो कण मूलकांचा तुरुंग व्हावयाचा, तोच त्यांची टांकसाळ होतो. दुसरे, वेष्टनाला ऑक्सिजनापासून वाचवण्यासाठी कारखानदार ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये घालतात. सिलिकाचे विशाल पृष्ठ हीच द्रव्ये स्वतःला चिकटवून घेते व साखळ्यांच्या रक्षणास ती शिल्लक राहत नाहीत. पहारेकरी नेमले, पण ते कोठीतच बसून राहिले, अशी ही अवस्था. तिसरे, कण व साखळी यांना जोडणारे जे सिलेनचे दुवे असतात, तेही अखेर रासायनिक बंधच; प्रारण त्यांनाही तोडते. दुवा तुटला की सीमेवर पोकळी, पोकळीत ओलावा, आणि ओलाव्यातून विजेला वाट.

याशिवाय कणाचे कुळ पाहावे लागते. बोरॉन नायट्राइड हे निरोधक म्हणून उत्तम आहे व उष्णता झपाट्याने वाहून नेते, म्हणून विद्युत्‌अभियंत्याला ते फार प्रिय. परंतु नैसर्गिक बोरॉनचा सुमारे पाचवा हिस्सा बोरॉन-१० असतो, आणि तो न्यूट्रॉन गिळून क्षणार्धात अल्फा कण व लिथियम यांत फुटतो. प्रारणरोधक भिंतीसाठी हा गुण अमोल. विजेच्या वेष्टनासाठी मात्र प्रत्येक कण हा पुरून ठेवलेला सुरुंगच. फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या ‘इटर’ या संलयनयंत्राच्या चुंबकांच्या निरोधनासाठी बोरॉनविरहित काचेचे तंतू घेण्याचा निर्णय याच कारणाने झाला. नेहमीच्या विद्युत्‌काचेत बोरॉन असते. ज्या केबलजवळ गॅमा किरणच काय ते पोचतात, तेथे हा आक्षेप उरत नाही. ज्या जागी न्यूट्रॉन पोचतात तेथे तो निर्णायक ठरतो. द्रव्याची निवड जागेच्या चौकशीवाचून करता येत नाही.

अवकाशातील उपग्रहावर नॅनोसंमिश्राकडून निराळीच अपेक्षा असते. प्रारण अंगावर पडत असताना निरोधकाची निरोधकता काही अंशी सैल होते, हे प्रारणप्रेरित वाहकत्व. आणि त्याच्या जोडीला अवकाशातील वेगवान इलेक्ट्रॉन वेष्टनाच्या आत खोल घुसून तेथेच अडकून बसतात. अडकलेला भार साठत साठत एका क्षणी आतल्या आत ठिणगीच्या रूपाने सुटतो. अॅक्रिलिकच्या पारदर्शक ठोकळ्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून नंतर त्याला खिळ्याने टोचले, तर डोळे दिपवणारी एक चमक होते आणि ठोकळ्याच्या पोटात पिंपळाच्या पानावरील शिरांसारखे एक गोठलेले झाड कायमचे उमटते. उपग्रहाच्या आत अशी ठिणगी पडणे किती महाग पडते, हे २० जानेवारी १९९४ रोजी कॅनडाला कळले. त्या दिवशी आनिक ई-१ व आनिक ई-२ हे दोन्ही दळणवळण उपग्रह, पृथ्वीभोवतीच्या इलेक्ट्रॉनांचा मारा वाढलेला असताना, काही तासांच्या अंतराने तोल सावरणाऱ्या चक्रांचे नियंत्रण गमावून बसले, आणि ई-२ला ताळ्यावर आणण्यास पुढे कित्येक महिने लागले. येथे नॅनोकण उपयोगी पडू शकतात ते वीज अडवून नव्हे. भार साठू न देता हळूहळू निसटू देण्याइतके बेताचे वाहकत्व देऊन. एकाच कणाने भूतलावर भार अडवावा आणि आकाशात तो वाहू द्यावा, अशी ही परस्परविरोधी मागणी आहे. ती कणाच्या प्रमाणाने, पृष्ठावर केलेल्या संस्काराने आणि मिसळणीच्या कौशल्याने साधावी लागते. कण नीट न पसरता गोळे होऊन राहिले, तर नॅनोमीटरची सारी विद्या वाया जाऊन जुन्याच मातीच्या भुकटीचे मिश्रण हाती राहते, आणि ते गोळे विद्युत्‌क्षेत्राला एकवटणारे वैगुण्य ठरतात.

या विषयावर जे प्रयोग आज होत आहेत, त्यांतील बहुसंख्य प्रखर गॅमा स्रोतासमोर, काही तास किंवा काही दिवस चालणारे आहेत. त्यांची उपयुक्तता मी नाकारत नाही. परंतु सव्हाना रिव्हरच्या केबलीने जे शिकवले, ते या नव्या द्रव्याला माफ झालेले नाही. उलट येथे ऑक्सिजनचा वेग, सीमेवरचा ओलावा आणि दुव्यांची झीज हे तीन वेगवेगळे काळ एकमेकांत गुंतले आहेत, आणि घाईने दिलेली मात्रा त्यांपैकी कोणाला लपवील व कोणाला फुगवून दाखवील हे नुसत्या तर्काने ठरवता येत नाही.

म्हणून काही अणुकेंद्रांनी जी जुनी, साधी तजवीज केली आहे, ती मला सर्वांत भरवशाची वाटते. घुमटाच्या आत, नेहमीच्या केबलींपेक्षा जरा अधिक उष्ण व अधिक प्रारण असलेल्या जागी, त्याच प्रकारच्या केबलीचे काही हात लांबीचे तुकडे पहिल्या दिवसापासून टांगून ठेवतात. त्यांना कशाशीही जोडलेले नसते. त्यांच्यातून वीज वाहत नाही. ते तुकडे म्हणजे फक्त ठेव असते. दर काही वर्षांनी देखभालीसाठी भट्टी बंद झाली की त्यांतला एक तुकडा काढून आणतात, वरचे कवच सुरीने उभे चिरून सोलतात, आतल्या रंगीत कोर एकेक सुट्या करतात, तांबे ओढून काढतात, आणि उरलेली पोकळ नळी यंत्राच्या जबड्यांत धरून ताणतात. नेहमीच्या केबलींच्या काही वर्षे पुढे गेलेला तो तुकडा त्यांचे भविष्य आधीच जगलेला असतो. नॅनोसंमिश्राच्या वेष्टनाचा असा एखादा तुकडा ज्या दिवशी कोठे टांगला जाईल, त्या दिवसापासून त्याचे खरे वय मोजले जाऊ लागेल. आणि तो उतरवून ताणून पाहणारे हात, बहुधा, आज शाळेत असतील.